काट्याचा संत

गोरखपुर, जबलपूर
६ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई कुंदाताईंना बेबीचा जय येशू.

मी बोलून राहिली आणि शेजारचे अच्युतराव लिहून राहिले. म्हणून अक्षर त्यांचं आणि जीभ माझी, हे आधीच समजून घ्या. मनीषा घरात असताना बाहेरचा माणूस काहून, असं तुम्ही विचाराल. तर तुमची लेक आणि माझी सून लिहायला बसली की माझ्या बोलण्याला इस्त्री करते. मी 'गाढव' म्हटलं की ती 'भोळा' लिहिते. अच्युतराव फॅक्टरीत हेडक्लार्क होते. साहेब बोलेल ते लिहायचं आणि डोकं चालवायचं नाही, याचीच त्यांना पेन्शन मिळते.

(वरील वाक्य सांगितल्याप्रमाणे लिहिले आहे. — अच्युत)

फोन करणार होती. पण मागच्या खेपेला तुमचा आवाज ऐकला आणि वाटलं, कोणी गॅसचं सिलिंडर फरशीवरून ओढून राहिलं. त्यात माझा एक कान बहिरा. तुम्ही घरघरणार, मी 'काय? काय?' करणार, आणि मधल्यामध्ये मोहनच्या फोनची बॅटरी मरणार. त्यापेक्षा पत्र बरं.

नातवाच्या हाती तुम्ही मफलर पाठवला. बंटी म्हणाला, "नानीला थंडी बाधली, ब्लेझबाबाच्या सणाला हा गळ्याला लावून आण म्हणाली." काहून हो? नागपुरात मेणबत्त्या संपल्या? तिथे तुम्ही चर्चच्या गाणाऱ्यांच्या मास्तरीण, पहिल्या बाकावर बसणाऱ्या, आणि आशीर्वादाला मफलर आमच्याकडे? पण मी जास्त विचारत नाही. शिकलेल्या बाईला प्रश्न विचारला की ती उत्तराच्या आधी व्याकरण सांगते.

अच्युतराव दत्ताचे भक्त, त्यांनी विचारलं, "हे ब्लेझ कोण?" मी सांगितलं, जुन्या काळचे बिशप. एका पोराच्या गळ्यात माशाचा काटा अडकला होता, तो यांनी काढला. तेव्हापासून तीन फेब्रुवारीला फादर दोन मेणबत्त्यांची कैची करून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात आणि म्हणतात, गळ्याचं दुखणं दूर राहो. एक काटा काढला आणि जन्माचा धंदा लागला. आमच्या मोहनला रिछाईच्या कारखान्यात एवढं राबून कोणी मेणबत्ती लावत नाही.

तर सोमवारी मी तुमचा मफलर गळ्यात घालून गेली. आशीर्वाद मफलरला, ऊब मला. चर्चमध्ये ही गर्दी! जे वर्षभर तोंड उघडतात ते सगळे गळा घेऊन आले होते. माझ्या पुढे आमच्या गल्लीतले आलोक मास्तर, वासावरूनच कळलं, गालात गुटखा धरून आशीर्वाद घेऊन राहिले होते. फाटकाबाहेर गेले आणि पिचकारी मारली. माझ्या मागे मीरा, ती आपली कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स, गळ्यात तीन तीन हार वाजवत. मी म्हटलं, "बाई, फादरला गळा सापडला पाहिजे." ती म्हणे, "आँटी, आप आगे देखो."

आमच्या नव्या फादरला फोटोचा शौक. जुने फादर मेणबत्त्या न पेटवता लावायचे. याने पेटवल्या, 'अच्छा दिखता है' म्हणून. माझी पाळी आली, मी मान वर केली, आणि मागून मीराचं कोपर बसलं. मी गेली पुढे, मेणबत्ती आली पुढे, आणि चर्रर्र! अख्ख्या चर्चभर कोंबडी भाजल्याचा वास. फादर प्रार्थना अर्धी सोडायला तयार नाही. मी जळून राहिली आणि तो म्हणून राहिला, "हर बीमारी से बचाए."

मला काही झालं नाही. मफलरला बरोबर गळ्यापाशी रुपयाएवढं भोक पडलं. आशीर्वादाची वस्तू पोछ्याला वापरता येत नाही, म्हणून आहे तशी परत पाठवते. ब्लेझबाबाने तुमचं दुखणं जागच्या जागी जाळलं असं समजा आणि माझ्याकडे नवीन मफलर मागू नका.

तुमची,
बेबी


नागपूर
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बेबीताई यांस,

पत्र आणि मफलर दोन्ही मिळाले. अच्युतराव, आपल्याला एक विनंती. पुढचा मजकूर मनीषा जवळपास नसेल तेव्हाच वाचावा.

बेबीताई, मला थंडी बाधलेली नाही. स्वरयंत्रात गाठ आहे, आणि ती चांगली नाही. दिवाळीपासून आवाज बसत होता. मी खडीसाखर चघळत होते, जशी पस्तीस मुलांच्या वर्गात आयुष्यभर चघळली. डॉक्टर म्हणाले, पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. मग गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवतात, श्वास तिथून घ्यायचा. बोलणं नाही. गाणं तर नाहीच. काढलं तर पुढे बरीच वर्षं आहेत, असं म्हणतात. नाही काढलं तर नाहीत.

माझ्या चर्चमध्ये मफलर का नेला नाही, हे आता तुम्हाला कळलं असेल. तिथे प्रत्येकाला माझा आवाज ओळखीचा आहे. एकाला कळलं की सगळ्यांना कळलं.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्याच आठवड्यात तुमचा मफलर आला. तुम्ही चेष्टेत लिहिलं आहे, मला समजतं. पण मी तो मफलर गळ्यात घालून आरशात पाहिलं. डॉक्टरांनी बोट ठेवून जी जागा दाखवली होती, तिथेच ते भोक आहे. माझ्या गळ्याला पडायचं भोक संत ब्लेझने मफलरला पाडलं, बेबीताई. ही खूण नाही तर दुसरी कुठली असते?

मी इस्पितळात कळवलं, की मी येत नाही.

मनीषाला सांगू नका. ती नोकरी टाकून धावत येईल. तुम्हाला माझी शपथ.

आपली,
कुंदा


गोरखपुर, जबलपूर
१८ फेब्रुवारी २०२५

कुंदाताई,

आज जय येशू नाही. आज तुमच्याशी भांडायचं आहे आणि भांडणात मी येशूला आणत नाही, त्याचे हाल आधीच खूप झाले.

अच्युतरावांनी तुमचं पत्र वाचलं आणि मध्येच थांबून चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, "पढ़ो जी, चष्मा नंतर पुसा." त्यांनी वाचलं. मी ऐकलं. मग आम्ही दोघं चहा प्यायलो आणि कोणीच बोललं नाही. माझ्या घरात असं कधी होत नाही, म्हणून मनीषा दोनदा येऊन पाहून गेली.

लग्न ठरल्यापासून मी तुमच्याशी चेष्टा करून राहिली. मुलांच्या हळदीत केली, बंटीच्या बाप्तिस्म्यात केली, तुमच्या यजमानांच्या टोपीवर केली. तुम्ही एकदाही हसला नाहीत. आणि आता बुढापे में माझी एक चेष्टा खरी मानायला निघाल्या, तीही ही!

ऐका. भोक संताने नाही पाडलं. मीराच्या कोपराने पाडलं. पूजाच करायची तर त्या कोपराला हार घाला, तिच्या गळ्यात चौथ्याला जागा नाही तरी. आणि मेणबत्ती पेटली होती ती फादरला फोटो पाहिजे होता म्हणून. या सगळ्यात ब्लेझबाबा कुठे बसतो ते मला दाखवा.

आणि बसला तरी तो काट्याचा संत आहे. गाठीचा नाही. नळ गळून राहिला तर तुम्ही सुताराला बोलावता काय? ब्लेझबाबा स्वतः वैद्य होता असं जुने फादर सांगायचे. वैद्याने वैद्याचं काम केलं, पोराच्या तोंडात हात घातला आणि काटा ओढला. त्याने त्या पोराला मफलर नाही पाठवला.

तुम्ही मुलांना शिकवलं की पृथ्वी गोल आहे आणि सूर्याभोवती फिरते. मला कोणी काही शिकवलं नाही. मी सही करायची तिथे आजही अंगठा लावते. तरी मला कळतं की मफलरला भोक पडल्याने बाईची गाठ जात नाही. तुमचं शिक्षण वापस करून या.

मनीषाला सांगत नाही. सध्या. पण आजपासून मी घरातल्या संत अंतोनीबाबाच्या मूर्तीच्या कडेवरचा बाळ येशू काढून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. माझी आईही असंच करायची. काम होईपर्यंत बाळ परत मिळत नाही. तुम्ही इस्पितळात जाल तेव्हाच तो बाहेर निघेल. तोपर्यंत अंतोनीबाबा रिकामा हात धरून उभा आहे, आणि तांदूळ काढताना मला रोज बाळाची माफी मागावी लागते.

(मी बेबीताईंना म्हणालो की देवाला असे ओलीस ठेवू नये. त्या म्हणाल्या, तुमचे लोक देव पाण्यात घालून बसतात, आम्ही तांदळात घालतो, निदान सर्दी होत नाही. — अच्युत)

तारीख परत घ्या.

बेबी


नागपूर
२५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बेबीताई,

आपण मला उद्धटपणे लिहिलंत. मी सभ्यपणे उत्तर देते.

संत कोपराचाही उपयोग करून घेतात. बलामाच्या गाढवीच्या तोंडून देव बोलला, असं बायबलमध्ये आहे. मग मीराच्या कोपराने काय पाप केलं? तुमच्या तोंडूनही बोलत असेल. गाढवीचं उदाहरण मी मुद्दाम दिलेलं नाही.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झाला आहे. मनीषा सांगते, तुम्ही मिठाच्या जागी सोडा घालता आणि पाल समजून दोरीला झाडू मारता. डॉक्टरांचं नाव काढलं की तुम्ही भिंतीवरच्या संत लुसीच्या चित्रापुढे पाण्याची वाटी ठेवता आणि ते पाणी डोळ्यांना लावता. डोळ्यांची संत, आणि बाप्तिस्म्यात तुमचं नावही लुसी, म्हणून ती नातलग आहे आणि सांभाळून घेईल, असं म्हणता. माझ्या मफलरला हसणारी बाई वाटीतल्या पाण्याने मोतीबिंदू धुते! संत लुसीच्या हातात ताटलीत डोळे असतात, बेबीताई. त्यातला एखादा तुम्हाला उसना देणार आहे का ती?

तुम्ही डोळा उघडून घ्याल त्या दिवशी मी गळा कापून घेईन. हे एका शिक्षिकेचं वचन समजा. मला माहीत आहे, दोन्ही होणार नाही.

खरं सांगू? मरणाची मला एवढी भीती नाही. उत्तम शुक्रवारी क्रूसाचं चुंबन घ्यायला लोक रांगेने येतात तेव्हा मी एकटी गाते, रांग संपेपर्यंत. माझ्या आवाजावर लोकांची पावलं पडतात. वर्गात, चर्चमध्ये, घरात, मी म्हणजे तो आवाज. तो काढून टाकल्यावर इस्पितळातून जी बाई घरी येईल ती कोण? तिच्याशी माझी ओळख नाही, आणि या वयात नवीन ओळख करायची मला इच्छा नाही.

कुंदा


गोरखपुर, जबलपूर
१३ मार्च २०२५

कुंदाताई,

झाला डोळा.

डावा झाला, उजवा पुढच्या महिन्यात. तुमचं पत्र अच्युतरावांनी वाचलं, मी पंधरा मिनिटं तुम्हाला शिव्या दिल्या (अच्युतरावांना त्या लिहायच्या नाहीत, ते चहा घेऊन राहिले होते), आणि मग मोहनला म्हटलं, "चलो, आँख दिखा दो मेरी." तो इतका घाबरला की त्याला वाटलं मी मरायला टेकली. डॉक्टरीण तरुण आहे, क्षमा नावाची. मी टेबलावर पडून म्हटलं, "बेटी, लुसीने तर ताटलीत काढून दिले होते, तू काय करशील?" ती म्हणे, "दादी, हिलो मत." सगळ्या संतांपेक्षा तिचं बोलणं साफ.

हिरवी पट्टी निघाली तेव्हा काय काय दिसलं ते ऐका. माझं घर घाण आहे. मनीषा केस रंगवते. अच्युतरावांच्या कानात केस आहेत, त्यांची वेणी घालता येईल.

(सांगितल्याप्रमाणे. — अच्युत)

आणि मग मी लुसीबाईला धन्यवाद द्यायला भिंतीपाशी गेली. कुंदाताई, तिच्या हातात ताटली नाही! डोळे नाहीत! ती बाई बाजा वाजवून राहिली! मी मोहनला हाक मारली. तो मान खाली घालून उभा. मागच्या रंगरंगोटीत जुन्या चित्राची काच फुटली, तर या शहाण्याने दुकानातून 'कोई भी संत बाई' उचलून आणली आणि त्याच खिळ्याला टांगली. म्हणे, "आई, तुला कुठे दिसणार होतं?" मनीषाने खालचं नाव वाचलं : संत सिसिलिया. गाण्याची संत! इतके दिवस मी डोळ्यांसाठी गाण्याच्या ऑफिसात अर्ज करून राहिली आणि ती बिचारी वाटीकडे पाहून विचार करत असेल, या म्हातारीला सरगम शिकायची आहे काय. आता बोला, मी तुम्हाला कोणत्या तोंडाने हसू? तरी हसते.

मनीषाला मी सांगितलं. हो, शपथ मोडली. तिने माझी पट्टी सोडताना विचारलं, "आई, हे एकाएकी काहून केलं?" आता एवढ्या जवळून तिचा चेहरा मला कधीचा दिसला नव्हता. तुमच्यासारखी हनुवटी आहे तिची. मी सांगून टाकलं. ती आधी माझ्यावर ओरडली, मग तुमच्यावर, मग संडासात जाऊन रडली. परवाच्या गाडीने ती नागपूरला येऊन राहिली आहे. शपथ मोडल्याचं पाप मी फादरला सांगितलं; त्याने तीन 'नमो मारिया' म्हणायची शिक्षा दिली. स्वस्तात पडलं.

आता तुमची ती नवीन बाई, जिच्याशी ओळख नाही म्हणता. मी ओळखते तिला. तिच्याकडे बोलायला बहुत असेल आणि बोलायचं साधन नसेल. मी जन्मभर तशीच आहे. मला अक्षर येत नाही. बसवर काय लिहिलं, गोळीच्या पाकिटावर काय लिहिलं, माझा नवरा फॅक्टरीत गेला आणि चिठ्ठी ठेवून गेला तर त्यात काय लिहिलं, सगळं दुसऱ्याच्या तोंडून. पहिली काही वर्षं लाज वाटायची. मग मी ठरवलं, लाज त्यांनी वाटून घ्यावी, ज्यांना येतं आणि तरी काही सांगायला नसतं. मी लोकांना धरायला शिकली. हा हात घे, तो डोळा घे. आता अच्युतरावांना धरलं आहे, ते कुठे जातात? माझं एकही बोलणं आजवर अडलं नाही. उलट लोक म्हणतात, बेबी, थोडं अडू दे.

तुम्ही तर लिहू शकता. पाटी गळ्यात अडकवाल आणि अख्ख्या नागपूरच्या चुका काढाल. आणि उत्तम शुक्रवारी लोकांची पावलं पडायची ती पडतील. क्रूस काही पळून जात नाही.

वचन शिक्षिकेचं होतं. माझा डोळा उघडा आहे आणि तुमच्यावरच आहे.

बेबी


नागपूर
१९ मार्च २०२५

बेबीताई,

मनीषा आली आहे. माझ्या घरात माझ्यावर ओरडते आहे. हे सगळं तुमचं वळण.

तुम्ही विश्वासघातकी आहात. पण मी वचन मोडत नाही, हा आपल्या दोघींतला फरक राहू द्या. मंगळवारी शस्त्रक्रिया आहे.

सोमवारी संध्याकाळी मोहनच्या फोनवर मी फोन करीन. बोलणार नाही, गाईन. चांगला कान लावा. आणि आयुष्यात एकदा, बेबीताई, मध्ये बोलू नका.

कुंदा


गोरखपुर, जबलपूर
४ एप्रिल २०२५

कुंदाताईंना जय येशू.

मनीषा रोज कळवते. नळ्या निघाल्या, दोन पावलं चालल्या, नर्सला पाटीवर लिहून दिलं की 'तुमचं हस्ताक्षर सुधारा'. म्हणजे तुम्ही जिवंत आहात.

त्या सोमवारबद्दल आधी लिहायचं होतं, पण तुम्ही बेशुद्ध असताना टोमणे मारण्यात मजा नाही.

तुम्ही गाऊन राहिला होता. कावळ्याला पडसं व्हावं असा आवाज. वरचा सूर आला की घरर, खालचा आला की नुसती हवा. अर्ध्या ओळी मी मनातल्या मनात भरल्या. मोहन फोन धरून उभा होता, त्याचा हात भरून आला, मी त्याला स्टूल घ्यायलाही सांगितलं नाही, कारण बोलायचं नव्हतं. अच्युतरावांना या गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तेही दाराशी चप्पल हातात घेऊन उभे राहिले. खाली भाजीवाला ओरडून राहिला होता, त्याला मोहनने हातानेच गप्प केलं. तुम्ही संपवलं आणि फोन ठेवला. मी तांदूळ निवडायला बसली. त्या दिवशी खडे फार निघाले, दिसत नव्हते. नवा डोळा आहे, पाणी येतं त्याला, डॉक्टरीण म्हणाली होती.

(पाणी दोन्ही डोळ्यांना आले होते. उजव्याची शस्त्रक्रिया अद्याप व्हायची आहे. — अच्युत)

हे मी सांगितलं नाही, यांनी आपल्या मनाने लिहिलं. पेन्शन बंद करायला पाहिजे यांची.

बाळ येशू तांदळातून काढला. धुऊन पुसून अंतोनीबाबाच्या कडेवर बसवला. पाहते तर काय, बाबाचा चेहरा मुळीच रागावलेला नाही. इतके दिवस मला दिसत नव्हतं म्हणून वाटायचं की रागावून राहिला.

आता फोनची गोष्ट. रविवारी मी फोन करीन. बोलीन मी, तुम्ही चमच्याने पेल्यावर वाजवा. एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही. लग्नापासून मी वाट पाहून राहिली, की मी बोलावं आणि तुम्ही ऐकावं.

एक सांगते. नवीन डोळ्याने तुमचं पत्र पाहिलं. काय सुंदर आहे हो तुमचं अक्षर! एका रेषेत, मुंग्यांच्या रांगेसारखं. सगळं स्पष्ट दिसलं. वाचता काहीच आलं नाही. मग अच्युतरावांना हाक मारली.

बेबी


नागपूर
२४ एप्रिल २०२५

आदरणीय बेबीताई,

ईस्टर झाला. उत्तम शुक्रवारी मी चर्चमध्ये गेले. माझ्या जागी समृद्धी गायली, माझीच विद्यार्थिनी. ती दुसऱ्या कडव्यात घाईने गेली आणि रांगही घाईने पुढे सरकली. दोन म्हाताऱ्या एकमेकींवर आदळल्या. मी पाटीवर 'हळू' लिहून उंच धरलं. तिने पाहिलं. रांग हळू झाली. एवढंच सांगायचं होतं.

रविवारच्या फोनबद्दल. तुम्ही पाऊण तास बोललात. मी दोनदा वाजवलेलं प्रत्येक वेळी तुम्ही एकदाच ऐकलंत. हे कानामुळे नव्हे.

आता या पत्राचं खरं कारण. माझ्या गळ्याला भोक आहे, श्वास तिथून जातो. त्यात धूळ जाऊ नये म्हणून गळा झाकावा लागतो, आणि झाकला की गुदमरायला होतं. पहाटे गार वाऱ्यात फिरायला डॉक्टरांनी सांगितलं आहे. मनीषाने कपाटातले सगळे रुमाल, ओढण्या करून पाहिल्या. शेवटी तिने तुमचा तो जळका मफलर काढला आणि गुंडाळला. भोकावर भोक आलं. मध्ये जाळीचा पातळ तुकडा लावला आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा गळा झाकून मोकळा श्वास घेतला.

आता सांगा, बेबीताई. कोपर कोणाचं होतं?

कुंदा


गोरखपुर, जबलपूर
६ मे २०२५

कुंदाताईंना जय येशू.

कोपर मीराचं होतं. मी मरेपर्यंत हेच म्हणीन, आणि मेल्यावर ब्लेझबाबाला समोरासमोर विचारीन.

पण उन्हाळा लागला. नागपूरच्या उन्हात लोकरीचा मफलर घालून फिराल तर गळ्यातून वाचलेल्या तुम्ही घामाने जाल. म्हणून मोहनला बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात पाठवून सुती कापड आणवलं, पांढरं, मऊ. मनीषा आता तुमच्याकडून परत आली आहे, ती म्हणे, "आणा, कात्रीने गोल कापते आणि काठ शिवून देते." मी म्हटलं, हात लावू नको.

काल मी ते गळ्यात घालून चर्चमध्ये गेली. फादर म्हणे, "दादी, सेंट ब्लेझ तो फरवरी में हो गया." मी म्हटलं, "गळा फरवरीतच दुखतो काय? मेणबत्त्या काढ. फोटो पाहिजे तर घे." त्याने काढल्या, कैची केली, पेटवल्या. मीराला मी आधीच निरोप देऊन बोलावलं होतं. तिला बरोबर मागे उभी केली, हार काढायला लावले, आणि म्हटलं, "मार कोपर." ती म्हणे, "आँटी, पागल हो गई हो?" मी म्हटलं, "जितना पिछली बार मारा था, उतना ही."

लाजत लाजत मारलं तिने. फादर या खेपेलाही प्रार्थना अर्धी सोडेना. मी मान वर करून पूर्ण ऐकली.

कापड सोबत पाठवते. भोक जरा तिरकं पडलं आहे. त्यात संताची काही चूक नाही, मीराची आहे.

तुमची,
बेबी